जुनी लेन्स, मिररलेस कॅमेरा आणि गंगेवरची काळी-पांढरी सकाळ

मामांचा झेनिट हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या शटरचा कापडी पडदा फाटलेला होता. लेन्स मात्र ठणठणीत होती. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ/२. अ‍ॅडॉप्टर मागवून ती मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, चढवली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गंगेवर गेलो. (नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी : आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.)

घरी येऊन रंगीत फोटो पाहिले आणि हिरमुसलो. सगळ्यावर पिवळसर झाक होती. ओल्या पायऱ्यांवरच्या चकाकीला जांभळी किनार आली होती. उगवत्या सूर्याच्या दिशेने काढलेले फोटो तर दुधात बुडवल्यासारखे दिसत होते. सहज म्हणून तेच फोटो काळे-पांढरे करून पाहिले आणि उठून बसलो. रंगच काढून टाकल्यावर पिवळी झाक उरली नाही. जांभळी किनार करडी होऊन दगडाच्या कडेत मिसळून गेली. लेन्सच्या आत उजेड पसरून जो दुधाळपणा आला होता, त्याने सावल्या थोड्या उचलून धरल्या होत्या. त्यामुळे पायऱ्यांखालच्या अंधारातही दगडाचे टाके दिसत होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. जुनी लेन्स लावायची तर काळ्या-पांढऱ्यासाठी लावा. तिचे रंगातले बहुतेक दोष तिथे आपोआप सुटतात आणि उरतो तो तिचा स्वभाव. पुढे जे लिहिलंय ते याच एका कामासाठी आहे. लेन्स तपासण्यापासून प्रिंट हातात येईपर्यंत, ज्या क्रमाने करावं लागतं त्याच क्रमाने सांगतो.

लेन्स तपासणं

घरातल्या कपाटात, ओळखीच्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे किंवा सेकंडहँड बाजारात ज्या लेन्सेस मिळतात त्या साधारण ठरलेल्या असतात. झेनिट किंवा प्रॅक्टिकासोबतच्या एम४२ चुडीच्या (४२ मिमीच्या आट्यांनी फिरवून बसणाऱ्या), पेंटॅक्स के१०००सोबतच्या के माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते ती जोडणी), याशिका एफएक्स-३च्या, आणि निकॉन, मिनोल्टा, कॅनन एफडी. सुरुवातीला ५० ते ५८ मिलिमीटरची, एफ/१.८ किंवा एफ/२ची, कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स घ्या. कंपन्यांनी या लेन्सेस लाखोंनी बनवल्या. त्यामुळे त्या स्वस्त आहेत आणि ऑप्टिकली अतिशय चांगल्या आहेत.

लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र; एफ/पुढचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारा. कडेकडून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी. आरशावर फुंकर मारल्यासारखा थर दिसला तर हेझ. दोन्ही असतील तर ती लेन्स सोडून द्या. चार-दोन धुळीचे कण दिसले तर मात्र काळजी नको, फोटोत ते उतरत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही. फोकसची रिंग फिरवून पाहा. जड असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं आहे, ते कारागिराकडून बदलून घेता येतं. घरी पेचकस घेऊन बसू नका. हेलिकॉइडचा, म्हणजे फोकससाठी लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या चुडीचा, आटा एका चुकीच्या जागी बसला की लेन्स पुन्हा अनंतावर येत नाही, म्हणजे दूरचं स्पष्ट दिसत नाही.

काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम असतं. सात काचांची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. वर्षानुवर्षांत ही काच चहासारखी पिवळी पडते. रंगीत फोटोत हा त्रास होतो. काळ्या-पांढऱ्यात मात्र तीच काच हलक्या पिवळ्या फिल्टरचं काम करते.

अ‍ॅडॉप्टर : थोडं गणित

प्रत्येक माउंटला एक ठरलेलं अंतर असतं. लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं. एम४२चं हे अंतर ४५.४६ मिमी आहे, निकॉन एफचं ४६.५, मिनोल्टाचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा हलायला जागा लागायची, म्हणून ही अंतरं मोठी. मिररलेसमध्ये आरसा नाही. त्यामुळे सोनी ई १८ मिमी, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५. अ‍ॅडॉप्टर म्हणजे या दोन अंतरांमधला फरक भरून काढणारी पोकळ नळी. एम४२ ते सोनी ई म्हणजे ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी. तिच्यात काच लागत नाही आणि नसावीच. २००८मध्ये पॅनासॉनिक जी१ हा पहिला मिररलेस आला आणि अडगळीतल्या लेन्सेसना पुन्हा मागणी आली, ती या वजाबाकीमुळे.

अ‍ॅडॉप्टर विकत घेताना फसगत होते ती अशी. ३९ मिलिमीटरच्या चुडीच्या लेन्स दोन जातीच्या असतात. लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या) लेन्सला २८.८ मिमी अंतर लागतं आणि सुरुवातीच्या झेनिटच्या लेन्सला ४५.२. चुडी तीच, त्यामुळे दोन्ही एकाच अ‍ॅडॉप्टरवर बसतात. पण झेनिटची लेन्स लायकाच्या अ‍ॅडॉप्टरवर लावली तर कुठल्याच अंतरावर फोकस होत नाही. मला असाच चुकीचा अ‍ॅडॉप्टर एका दुकानदाराने दिला होता. लेन्सच खराब आहे असं समजून मी ती आठवडाभर बाजूला टाकून ठेवली होती.

एम४२च्या ज्या लेन्सच्या मागे छोटी पिन असते, त्यांच्यासाठी पिन दाबून धरणारा, आतून कडा असलेला अ‍ॅडॉप्टर घ्या. नाहीतर रिंग कितीही फिरवली तरी ॲपर्चर उघडंच राहतं. हेलिओस ४४-२ला पिन नाही, तिला कुठलाही चालतो. कॅनन एफडीच्या अ‍ॅडॉप्टरवर एक वेगळं कडं असतं, लेन्स बसवल्यावर ते फिरवून लॉक केल्याशिवाय ॲपर्चर हलत नाही. आणि ज्युपिटर-१२सारख्या, मागची काच खूप बाहेर आलेल्या लेन्सेस सरळ लावू नका. आधी अंतर मोजा, काही कॅमेऱ्यांत ती आत आपटते.

नळी आली की तिच्या आत डोकावून पाहा. स्वस्त अ‍ॅडॉप्टरची आतली भिंत चकाकते आणि तो उजेड सेन्सरवर पसरतो. लेन्सचा दुधाळपणा मला हवा असतो, अ‍ॅडॉप्टरचा नको. आत काळ्या मखमली कागदाची पट्टी चिकटवली की फरक पहिल्याच फोटोत कळतो. नंतर रात्री गच्चीवर जाऊन दूरच्या मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर फोकस करा. बहुतेक अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडे आखूड बनवतात, म्हणजे अनंत अंतर लेन्सवरच्या खुणेच्या जरासं आधीच येतं. ते कुठे येतं हे एकदा पाहून ठेवा. त्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवला की पांडवलेण्यांचा डोंगर मऊ येतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत काय बदलायचं

एक : लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय. सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’. कॅमेऱ्याला जुनी लेन्स ओळखता येत नाही, म्हणून हा चालू केल्याशिवाय तो फोटोच काढत नाही.

दोन : बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका धक्का सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा, हाताने भरा. ५८ची लेन्स असेल तर ५८च. एपीएस-सीवर (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरवर) ती ८७ मिमीसारखी दिसते म्हणून ८७ भरणारे लोक मी पाहिलेत, त्याने चित्र उलट हलतं.

तीन : रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) अधिक जेपेग. पिक्चर स्टाइल मोनोक्रोम. रॉमध्ये रंग शाबूत राहतो, व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र जग काळं-पांढरं दिसतं. या एका सोयीसाठी मी मिररलेसच्या प्रेमात आहे. शटर दाबायच्या आधी कळतं की हिरव्या लुगड्याचा लाल काठ करड्यात वेगळा दिसतोय की बुडून गेलाय.

चार : मोड ॲपर्चर प्रायॉरिटी, ऑटो आयएसओ, किमान शटर १/१२५. ॲपर्चर तुम्ही लेन्सवर फिरवता, बाकी कॅमेरा सांभाळतो.

फोकस

इथे घाई करू नका. जुन्या लेन्सने काढलेले जे फोटो फुकट जातात त्यातले बहुतेक फोकसमुळे जातात.

फोकस पीकिंग, म्हणजे धार आलेल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, लाल रंगात लावा. पडदा काळा-पांढरा असल्यामुळे त्यावर लाल कडा लगेच उठून दिसतात, रंगीत पडद्यावर त्या हरवतात. पण पीकिंग फक्त ठळक कडा दाखवतं. एफ/२वर माणसाच्या डोळ्यापासून कानापर्यंत सगळंच लाल होतं आणि प्रत्यक्षात धार कानावर येते. म्हणून पीकिंगने जवळपास पोहोचा आणि मग मॅग्निफायर लावून पापण्यांवर या. मॅग्निफायर एका बटणावर ठेवा, मेनूत शोधायची वेळ येऊ देऊ नका.

हेलिओस ४४-२वर ॲपर्चरच्या दोन रिंगा आहेत, याने नवखा माणूस गोंधळतो. पुढच्या रिंगवर तुम्ही आकडा ठरवता, समजा एफ/५.६. मागची रिंग टकटक न करता फिरते. ती एका टोकाला नेली की लेन्स पूर्ण उघडी, दुसऱ्या टोकाला नेली की बरोबर ५.६वर थांबते. उघड्या लेन्सवर फोकस करायचा, रिंग न पाहता बंद करायची, फोटो काढायचा. बोटांना सवय होईपर्यंत घरात तांब्यावर सराव करा. लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत जवळ येते, तांब्याच्या काठावरचा थेंब चांगला धडा देतो.

घाटावर माणसं थांबत नाहीत. तिथे फोकस आधीच लावून ठेवावा लागतो. २८ मिमीची लेन्स फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) एफ/८ला ३.३ मीटरवर ठेवली तर साधारण १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं नीट दिसतं. एपीएस-सीवर तोच फोकस ५ मीटरवर ठेवा, मग अडीच मीटरपासून पुढचं मिळतं. लेन्सवर कोरलेल्या खुणा ३५ मिमी फिल्मसाठी आहेत. त्यामुळे एपीएस-सीवर एफ/८ लावलं असेल तर अंतर ५.६च्या खुणांमधून वाचा. एवढं केलं की डोळा फक्त माणसांकडे ठेवायचा.

हेलिओसची गरगरणारी पार्श्वभूमी सगळ्यांनाच हवी असते. ती कुठेही येत नाही. मागे बारीक, उजेड झिरपणारी पानं हवीत. माणूस दीड-दोन मीटरवर, पानं त्याच्या मागे पाच-सात मीटरवर, लेन्स पूर्ण उघडी. आपल्याकडे याला द्राक्षबागेच्या मांडवाइतकी चांगली जागा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दिंडोरी किंवा पिंपळगावच्या बाजूला सकाळी नऊच्या सुमारास सूर्य मांडवाच्या कडेने आत येतो, तेव्हा उन्हाकडे तोंड करून काढा. एपीएस-सीवर कडा कापल्या जातात म्हणून गरगर कमी दिसते, फुल फ्रेमवर पूर्ण दिसते. बागेत जाण्याआधी शेतकऱ्याला विचारा आणि घडांना हात लावू नका. मण्यावरची पांढरी झाक बोटाने पुसली जाते आणि मालाचा भाव पडतो.

काळा दगड आणि पांढरं धोतर

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. काळाराम मंदिराला हे लागू होत नाही. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे मंदिर काळ्या दगडाचं आहे, आणि मीटरवर सोडलं तर ते राखाडी सिमेंटचं वाटतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे १ करा (एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा), भर उन्हात उणे १.३. मग दगड काळा राहतो आणि घडीव कडांवरचा उजेड तेवढा चमकतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, त्याच्या दाराचा फोटो फिक्का यावा हे मला पटत नाही. तिथे उंबरठ्याच्या झिजलेल्या कडेवर एक्स्पोजर घेतो आणि आतला अंधार अंधारच ठेवतो. आत कॅमेरा न्यायचा की नाही हे पाटी वाचून, विचारूनच ठरवा.

गोदावरीच्या रामकुंडावर अडचण वेगळी असते. ओला काळा घाट आणि त्यावर पांढरं धोतर, पांढरी टोपी, वाळत घातलेले पंचे. फ्रेम अंधारी असल्याने मीटर उजेड वाढवतो आणि धोतर जळतं. डिजिटलमध्ये जळलेलं पांढरं परत येत नाही, काळं मात्र बरंच परत येतं. म्हणून झेब्रा (जळणाऱ्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) शंभरावर लावा आणि धोतरावर पट्टे येईनासे होईपर्यंत एक्स्पोजर खाली आणा. पाण्यावरच्या चकाकीवर पट्टे आले तर येऊ द्या.

एक बारीक गोष्ट. मोनोक्रोम मोडमध्ये हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) फक्त एकत्रित उजेड दाखवतो. झेंडूच्या टोपल्या किंवा शेंदूर उन्हात असेल तर करड्यात सगळं ठीक दिसतं आणि रॉमधला लाल चॅनेल मात्र भरून वाहिलेला असतो. नंतर लाल छटा हलवायला गेलात की तिथे सपाट डाग पडतो. अशा वेळी अर्धा स्टॉप आणखी खाली या.

रंगाचं करडं करणं, आणि कुंकू

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परदेशी धडे वाचून शिकलो तर नेमकी इथेच चूक होते.

रंगाचं करडं करण्याच्या एका नेहमीच्या सूत्रात लाल ३० टक्के, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के धरतात. त्यामुळे गडद हिरवं लुगडं आणि त्याचा लाल काठ जवळजवळ एकाच करड्यात येऊ शकतात. डोळ्याला जो फरक ठसठशीत दिसतो तो फोटोत नाहीसा होतो. तो परत आणायचा तर रंगांचा तोल आपल्याला ठरवावा लागतो. पूर्वी हे काम लेन्सवरच्या रंगीत काचेने व्हायचं. लाल काच लाल गोष्टी उजळ करते आणि निळं आकाश गडद.

जवळपास प्रत्येक पुस्तकी धडा सांगतो की नाट्यमय आकाश हवं तर लाल फिल्टर लावा. मीही कॅमेऱ्यातला लाल फिल्टरचा पर्याय लावून एका सकाळी घाटावर द्रोणातले दिवे विकणाऱ्या आजींचा फोटो काढला. आकाश सुंदर आलं. चेहरा उजळ आला. आणि कपाळ कोरं आलं. आजींच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, ते लाल फिल्टरने त्वचेइतकंच उजळ करून पुसून टाकलं होतं. आपल्याकडे कोऱ्या कपाळाचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको. त्यांनी स्क्रीनवर फोटो पाहिला, आणि न बोलता हात कपाळाला लावून पाहिला.

रॉ फाइल होती म्हणून निभावलं. घरी संगणकावर लाल स्लायडर (लाल रंग करड्यात किती उजळ यावा ते ठरवणारी पट्टी) उणे ३० केला, कुंकू गडद झालं. त्याने चेहराही काळवंडला, म्हणून नारिंगी स्लायडर अधिक १५ केला. आपली त्वचा करड्यात मुख्यतः नारिंगीत बसते आणि कुंकू लालमध्ये, त्यामुळे दोन्ही वेगळे हलवता येतात. माणसं असतील त्या प्रत्येक फोटोवर मी आता हेच आधी करतो.

याचं दुसरं टोक जुन्या मूकपटांत दिसतं. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, जन्म १८७०चा. त्यांनी काम सुरू केलं त्या काळातल्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा भरपूर दिसे. म्हणून त्या काळच्या चित्रात आकाश कोऱ्या कागदासारखं आणि ओठ काळे येतात. लाल आणि नारिंगी खाली, निळा वर असं केलं की ही जात आजही मिळते. म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती तीत बोलते. तरुण चेहऱ्यावर मात्र पुरळ आणि डागही उठतात, तिथे जपून.

बाकी रंगांचं थोडक्यात सांगतो. भांडी बाजारात तांब्याचे हंडे उजळ हवेत तर नारिंगी आणि लाल वर घ्या, पितळेसाठी पिवळा. शेंदूर लाल-नारिंगीच्या सीमेवर असतो, नारिंगी फार वर नेला की शेंदरी मूर्ती चुन्यासारखी पांढरी पडते. द्राक्षाच्या पानांसाठी पिवळा वर घ्या. पानं दिसायला हिरवी असली तरी त्यांचा बराचसा उजेड पिवळ्यात असतो, हे एकदा करून पाहाच. आकाशासाठी निळा उणे २५च्या खाली नेऊ नका. शिखराच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि आकाशात दाणा येतो.

खरी लाल काच लेन्सवर लावावी का, असं बरेच जण विचारतात. साध्या सेन्सरवर लावू नका. त्यातले एक चतुर्थांश ठिपकेच लाल उजेड घेतात, बाकीचे उपाशी राहतात आणि बारीक तपशील जातो. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) मात्र घ्या, हेलिओस ४४-२ला ४९ मिमीचा बसतो. आणि हूड घ्या, तोही आधी. जुन्या काचेवरचं कोटिंग साधं असतं. बाजूचा उजेड अडवला की दुधाळपणा आपल्या हातात राहतो.

संगणकावर

क्रम बदलू नका. आधी व्हाइट बॅलन्स, कारण काळ्या-पांढऱ्यातही तो बदलला की प्रत्येक करडी छटा हलते. मग मोनोक्रोम आणि रंगांचे स्लायडर. मग कर्व्ह (काळं-पांढरं कमी-जास्त करायची रेषा). जुन्या लेन्सच्या फाइलमध्ये काळं पूर्ण काळं नसतं, म्हणून कर्व्हचा खालचा टोकबिंदू जरा आत ओढा. पण हिस्टोग्रामच्या भिंतीला टेकेपर्यंत नको, तो उचललेला अंधारच आपल्याला या लेन्सने दिलेला आहे. शेवटी ब्रशने एखादी जागा उजळ, एखादी गडद. क्लॅरिटीचा (कडा ठसठशीत करणारा) स्लायडर मी शून्यावर ठेवतो. हेलिओसच्या मऊ कडांवर तो चढवला की चेहरा दगडी होतो. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर या सगळ्याला पुरतं.

रेंजफाइंडरच्या रुंद लेन्स लावणाऱ्यांसाठी एक सूचना. डिजिटल सेन्सरवर त्यांच्या कोपऱ्यांना जांभळट झाक येते. ती काळ्या-पांढऱ्यात जाते. कोपऱ्यांचा पुसटपणा मात्र जात नाही, त्याला एफ/८ हाच उपाय.

पावसाळ्यात लेन्सेस कॅमेरा बॅगेत ठेवू नका, बॅग ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. जेलचा रंग बदलला की ते पुन्हा वाळवा. त्र्यंबकला पावसात जाऊन आलात तर लेन्स आधी पंख्याखाली ठेवा, मग डब्यात. चामड्याचं मूळ पाकीट आठवण म्हणून ठेवा, पण लेन्स त्यात नको. चामड्यात बुरशी लवकर धरते.

प्रिंट

फोटो स्क्रीनवरच ठेवायचा असेल तर इथे थांबलात तरी चालेल. प्रिंट करणार असाल तर लॅबला एक प्रश्न आधी विचारा : काळी-पांढरी प्रिंट रंगीत फोटोच्या कागदावर काढता की पिगमेंट इंकजेटवर? आजींची पहिली प्रिंट एका लॅबमधून रंगीत कागदावर आली, सावल्यांत हिरवट झाक होती. दुसरी सेपिया आली, आम्ही न सांगता. तिसरी मॅट कागदावर पिगमेंट शाईने काढून घेतली. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत दिली, स्क्रीनवर दिसत होती त्यापेक्षा साधारण पाव स्टॉप उजळ, कारण मॅट कागद अंधार पितो. आधी आठ बाय दहाच्या तुकड्यावर फक्त चेहऱ्याचा भाग काढून पाहिला आणि तो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी तपासला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक काळा रंग चांगलाच दिसतो.

प्रिंट देण्यासाठी बुधवार बरा. बुधवारच्या बाजारामुळे गंगेवर सगळे भेटतात. पुठ्ठ्यामध्ये धरून कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाटावरच्या ओलीने कागद पिशवीला चिकटतो. आजींनी ती प्रिंट उजेडाकडे धरली, अंगठ्याने कुंकवाच्या कडेवरून हात फिरवला आणि टोपलीखाली, कोरड्या बाजूला, सरकवून ठेवली.